नकार द्यायचा असेल तर लेखी द्या : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : परदेशी स्थायिक होताना स्वतःची अनुकूलित (अपंगत्वानुसार बदल करून घेतलेली) मोटारगाडी सोबत नेण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

परवा, सोमवारी, न्हावा शेवा बंदरातून एक मालवाहू जहाज इंग्लंडकडे निघाले. त्यातील एका वीस फुटी कंटेनरमध्ये माझी गाडी असणार होती. ती आज सांगलीत, विश्रामबागेत, माझ्या घरासमोर उभी आहे. तिची टाकी जवळजवळ रिकामी केली आहे, आतील सामान काढले आहे आणि चासी क्रमांकाचे पेन्सिलने घासून काढलेले छाप फायलीत लावून ठेवले आहेत. फायलीत फक्त एक कागद नाही, आणि तो आपल्या खात्याच्या एका कार्यालयाने द्यायचा होता. अर्ज मी ११ मार्चला केला. आज ६ मे, म्हणजे छप्पन्नावा दिवस. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मोजण्याची सवय आहे.

त्या कार्यालयाचे नाव मी येथे लिहीत नाही. गाडीची नोंदणी जेथे आहे ते आपल्या संगणकावर एका क्षणात दिसेल, आणि माझे भांडण एका टेबलाशी किंवा एका लिपिकाशी नाही.

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर आहेत. देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला, ही बातमी वाचून मी आनंदाने रडले होते. परंतु त्याआधी ज्यांना तो झाला ती माणसे अजून हयात आहेत आणि त्यांना रोज कोठेतरी जायचे असते. छत्तीस वर्षे मला दुसऱ्याने नेले, आधी वडिलांच्या सायकलने, मग भावाच्या स्कूटरने, मग रिक्षाने. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आम्ही गावभागात राहत असताना, शेजारच्या दोन मुलांनी मला हातांवर उचलून नावेत ठेवले. त्या मुलांची मी जन्मभर ऋणी आहे. पण माणसांनी भरलेल्या त्या नावेत, कुबड्या घरातच राहिल्या हे लक्षात आल्यावर जे वाटले ते मला आजही सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी गाडी घेतली आणि पुण्यात तिला हॅण्ड कंट्रोल बसवून घेतले. स्टिअरिंगजवळचा दांडा पुढे ढकलला की ब्रेक लागतो, आपल्याकडे ओढला की गाडी वेग घेते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढू लागले तेव्हा आयर्विन पुलाजवळची पातळी ऐकून मी संध्याकाळीच आईला शेजारी बसवले, कुबड्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि कोणालाही हाक न मारता गावभागातून बाहेर पडले. ही गाडी मी विकावी, असा सल्ला आपल्या कार्यालयाने मला चार वेळा दिला आहे.

१ जूनला मला लेस्टरजवळच्या एका शाळेत रुजू व्हायचे आहे. ब्रिटनमध्ये राहायला जाणाऱ्या माणसाला स्वतःची गाडी आयात शुल्क आणि व्हॅट न भरता नेण्याची सवलत मिळू शकते. त्यासाठी आधीचे किमान १२ महिने ब्रिटनबाहेर वास्तव्य असावे लागते, गाडी किमान सहा महिने स्वतःच्या मालकीची आणि वापरातील असावी लागते, आणि तेथे नेल्यावर पुढचे १२ महिने ती विकता, भाड्याने देता किंवा उसनी देता येत नाही. त्या सवलतीसाठी केलेल्या अर्जाचे उत्तर मला सतराव्या दिवशी ईमेलने आले. गाडी उतरल्यावर १४ दिवसांच्या आत तेथील करखात्याला कळवायचे, मान्यतेची तपासणी करून घ्यायची, वेगमापकावर मैलांचे आकडे लावायचे, मागे धुक्यातील लाल दिवा बसवायचा आणि मग नोंदणीसाठी जायचे. हे सारे मी वाचले आहे, त्यासाठी पैसे बाजूला ठेवले आहेत, आणि गाडी त्या तपासणीत उतरली नाही तर तो तोटा माझा असेल. दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते, म्हणून निदान तो प्रश्न येत नाही.

“तिकडे जाऊन दुसरी घ्या” असे मला सांगण्यात येते. तेथे अपंगांना भत्त्याच्या बदल्यात अनुकूलित गाडी भाडेपट्ट्याने मिळते हे खरे आहे. पण तो भत्ता सरकारी निधीतून मिळतो आणि माझ्या व्हिसावर त्या निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट आहे. नव्याने आलेल्या, त्या देशात कर्जाचा कोणताही इतिहास नसलेल्या शिक्षिकेला पहिल्याच महिन्यात हॅण्ड कंट्रोल असलेली गाडी कोण देणार? पहिल्या दिवसापासून शाळेत स्वतःच्या बळावर पोहोचायचे असेल तर माझ्यापुढे हीच गाडी आहे.

आता आपल्या खात्याचे ऐका. मी विचारायला गेले तेव्हा मला आधी ‘कार्नेट’ काढून आणा असे सांगितले गेले. कार्नेट हे गाडी तात्पुरती परदेशी नेऊन परत आणणाऱ्यांसाठी असते, गाडी परत येईल याची ती हमी असते. मी परत आणणार नाही, हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिले होते. मग नोंदणी रद्द करा असे सुचवले गेले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५५ मी तेथेच मोबाइलवर उघडून दाखवले. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले तर मालकाने १४ दिवसांत कळवावे, असे ते म्हणते. माझी गाडी नष्टही झालेली नाही आणि निकामीही नाही. शेवटी नमुना २८ भरून कलम ४८ खाली ना-हरकत प्रमाणपत्र मागा, असे त्यांनीच सांगितले, आणि फी घेऊन पावती दिली. कलम ४८ मुळात गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी किंवा हस्तांतरणासाठी लिहिले आहे, त्यात परदेशाचा उल्लेख नाही, हे मला मान्य आहे. परंतु ही वाट मी निवडलेली नाही. ती कार्यालयाने दाखवली, आणि दाखवल्यावर त्या वाटेचे नियम पाळणे कार्यालयावर बंधनकारक आहे.

ते नियम असे आहेत. पोलिसांकडून गाडी चोरीची नसल्याची खात्री करून घ्यावी, कर बाकी नाही ना ते पाहावे, आणि ३० दिवसांच्या आत मंजुरी किंवा नकार लेखी कळवावा. नकार असेल तर त्याची कारणे लेखी नोंदवून त्यांची प्रत अर्जदाराला द्यावी. ३० दिवसांत काहीच कळवले नाही तर प्रमाणपत्र दिले आहे असे मानले जाईल. म्हणजे १० एप्रिललाच मला ही मानीव परवानगी मिळालेली आहे. मी ते कलम छापून सीमाशुल्काच्या दलालाला दिले. तो सज्जन माणूस आहे. तो म्हणाला, “ताई, कायदा बरोबर आहे, पण बंदरावर शिक्का बघतात.” कायद्याने मिळालेली परवानगी कंटेनरच्या दारावर दाखवता येत नसेल तर ती मला का दिली आहे?

मी नऊ वेळा त्या कार्यालयात गेले. खिडकी पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पहिल्या तीन वेळा मी जिना चढले, चौथ्या वेळी घसरले आणि उजवे मनगट मुरगळले, ज्या मनगटाने मी कुबडी धरते आणि ज्याने मी ब्रेक लावते. त्यानंतर भाऊ वर जाई आणि मी आवारात गाडीत बसून राही. कोणीतरी दोन मिनिटे खाली येऊन माझ्याशी बोलावे, अशी विनंती मी प्रत्येक वेळी केली, आणि एकदाही कोणी आले नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, त्याचे नियम २०१७ मध्ये आले, आणि सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या सरकारने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, आणि त्याचा गौरव झाला. तो जिना अजून तसाच आहे.

नकाराचे कारण दर वेळी बदलत गेले. एकदा सांगितले की गाडीवर जीएसटीची सवलत घेतली आहे. होय, घेतली आहे, २८ ऐवजी १८ टक्के, आणि तेव्हा पाच वर्षे गाडी विकणार नाही असे प्रतिज्ञापत्र मी दिले होते. ती पाच वर्षे फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झाली, आणि मी आजही गाडी विकत नाही, ज्या अपंग व्यक्तीसाठी सवलत दिली तीच व्यक्ती ती गाडी वापरत राहणार आहे. पुढच्या खेपेला सांगितले की राज्याच्या मोटार वाहन करातून सूट मिळाली होती, तो कर आता भरा. मी म्हटले, भरते, कोणत्या नियमाखाली आणि किती रुपये, ते लिहून द्या. “लेखी कशाला पाहिजे? तोंडी सांगितलं ना,” असे उत्तर भावाला मिळाले. आठव्या खेपेला “पंधरा दिवसांत नक्की करून देतो” असा शब्द मिळाला, आणि त्या शब्दावर विसंबून मी कंटेनर ठरवला. नवव्या खेपेला तो शब्द देणारे रजेवर होते. कंटेनरचे ४२,००० रुपये बुडाले. एका शिक्षिकेचे ते किती दिवसांचे श्रम असतात, याचा हिशेब आपणच करा.

त्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर मला एकाने चार दिवसांत अठरा हजारांत काम होईल असे सांगितले. त्याला माझ्या अर्जाचा क्रमांक माहीत होता. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये आधार-पडताळणीने घरबसल्या मिळणाऱ्या ५८ सेवांचा गाजावाजा ऐकवला, मग माझा अर्ज क्रमांक फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात कसा पोहोचला?

महोदय, छप्पन्न दिवसांत मला हे समजले की तोंडी नकार हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे हत्यार आहे. लेखी नकारावर अपील करता येते, त्याखाली सही करणाऱ्याला जाब विचारता येतो. तोंडी नकार हवेत विरतो आणि संगणकावर अर्ज ‘प्रलंबित’ दिसत राहतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला, त्यात सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड सांगितला आहे. शिधापत्रिकेसाठी, सातबाऱ्यावरील दुरुस्तीसाठी, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी माझ्या आईने आयुष्यभर हेलपाटे घातले. “उद्या या” असे तिला किती वेळा सांगितले गेले याची नोंद कोठेही नाही. त्या सर्व उद्यांचे वय आज माझ्या आईच्या गुडघ्यांत आहे.

आमच्या तासगावचे द्राक्ष दरवर्षी कंटेनरमधून युरोपला जाते. पेटी कोणत्या बागेतील, औषधांचे अंश किती, हे ‘ग्रेपनेट’ या द्राक्ष-निर्यातीच्या संगणकीय नोंदवहीत नोंदलेले असते, आणि परदेशातील खरेदीदाराला माग थेट शेतापर्यंत काढता येतो. तो माल नाशवंत आहे, म्हणून सरकारने त्याची घाई समजून घेतली, आणि ते योग्यच झाले. त्याच जिल्ह्यातील एका बाईला स्वतःची, कर्ज फिटलेली, चोरीची नसलेली गाडी सोबत न्यायची आहे, तर तिच्यासाठी ठरलेला रस्ता नाही, ठरलेला नमुना नाही आणि ठरलेला माणूसही नाही. अपंग माणूस देश सोडून जाऊ शकतो, त्याला नोकरी मिळू शकते, ही शक्यताच आपल्या रकान्यांत नसावी. माझ्या जुन्या लायसन्सवर वाहनाचा प्रकार ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असा छापलेला होता. २०१९ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘अनुकूलित वाहन’ हा शब्द आणला. कायद्याची भाषा सुधारली, पण त्या खिडकीतून आमच्याकडे पाहणारी नजर मात्र जुनीच राहिली.

माझे मागणे फार नाही. शुक्रवार, १५ मेपर्यंत मला प्रमाणपत्र द्यावे, किंवा कारणांसह लेखी नकार द्यावा. काही कर निघत असेल तर नियमाचा क्रमांक आणि रक्कम लिहून द्यावी, मी त्याच दिवशी भरीन. स्थायिक होण्यासाठी परदेशी नेल्या जाणाऱ्या गाडीबाबत सर्व कार्यालयांना एक परिपत्रक काढावे, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला कार्नेटपासून कलम ५५ पर्यंत फिरावे लागणार नाही. आणि अपंग अर्जदार आवारात आला असेल तर कर्मचाऱ्याने खाली यावे, एवढे त्यात लिहावे.

पुढचे जहाज आहे. त्यासाठी मंगळवारी, १९ मे रोजी संध्याकाळी पाचच्या आत गाडी न्हावा शेव्याच्या यार्डात द्यायची आहे. पेठ नाक्यावरून, खंबाटकीच्या बोगद्यातून, ती मी स्वतः चालवत नेणार आहे. येत्या सोमवारपासून, ११ मेपासून, कार्यालयाच्या वेळेत मी रोज आवारात, गाडीत बसलेली असेन. कागद घेऊन कोणाला तरी खाली पाठवावे.

आपली,
एक अनुकूलित वाहनधारक शिक्षिका
विश्रामबाग, सांगली
दि. ६ मे