क्लेमच्या टेबलापलीकडून आमच्या बाजूला आलेल्या काकूंना

आदरणीय काकूंना,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीरपणे लिहितेय. तुम्ही मला आरोग्य विम्याबद्दल जे समजावलंत ते लहान मुलं असलेल्या आणखी चार घरांत पोचलं तर तुम्हाला आवडेल, हेही मला ठाऊक आहे. नाव कुठेच लिहीत नाही. सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम विभागात, म्हणजे विम्याच्या पैशांचे दावे तपासण्यात झाली आणि आता निवृत्त, एवढी ओळख पुरे.

धाकट्याच्या वेळी मला सातवा लागला होता तेव्हा नवऱ्याने लॅपटॉपवर भलामोठा तक्ता केला होता. पाच-सहा पॉलिसी, प्रत्येकीचा हप्ता, विमा रक्कम, कॅशलेस हॉस्पिटलं (जिथे बिल थेट कंपनी भरते) किती, क्लेम सेटलमेंट रेशो (शंभरातले किती क्लेम कंपनीने पैसे देऊन निकाली काढले) किती. तुम्ही चष्मा लावून तो नीट पाहिलात आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलंत. "लाखाच्या बिलावर चाळीस हजार दिले, तरी आमच्या दप्तरी तो क्लेम सेटलच असायचा." नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! मग लॅपटॉप बाजूला सारून मला विचारलंत, "मुलगी आजवर कशाकशाने आजारी पडली, ते सांग."

मी सांगत गेले. ताप, जुलाब, सतत सर्दी, दोनेकदा घरघर वाढली म्हणून नेब्युलायझर, जन्मल्यावर कावीळ म्हणून दिव्याखाली ठेवलेलं, आणि हल्ली झोपेत तोंड उघडं टाकून घोरते. "आता यातल्या कशाकशाला ही पॉलिसी पैसे देते ते शोध," म्हणालात. मला त्या क्षणी ते शाळेतल्या बाईंनी दिलेल्या शिक्षेसारखं वाटलं होतं. पण तुमच्या सगळ्या मदतीचं मूळ त्या एका प्रश्नात होतं. आम्ही पॉलिसीकडे कंपनीच्या बाजूने बघत होतो, तुम्ही मुलीच्या आजारपणाच्या बाजूने बघायला लावलंत.

शोधल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की मुलांवर आपला जो खर्च सतत होतो, डॉक्टरांची फी, औषधं, लसी, त्यातलं जवळजवळ काहीच साध्या पॉलिसीत येत नाही. ते सगळं ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार. त्यासाठी वेगळी जोड मिळते, पण तिचा जादा हप्ता आणि तिची वर्षाची मर्यादा तुम्ही शेजारी शेजारी लिहून दाखवलीत आणि आम्ही तो नाद सोडला. लसींचे पैसे बाजूला टाकत जा, म्हणालात, विम्याकडून त्याची अपेक्षा ठेवू नका.

दुसरं, निदान चोवीस तास ॲडमिट असण्याच्या अटीचं. दुपारी सलाइन लावलं आणि रात्री घरी सोडलं, तर डे-केअरमध्ये (चोवीस तास न राहताही चालणाऱ्या उपचारांत) बसणारी प्रक्रिया असल्याशिवाय क्लेम होत नाही. नुसत्या तपासण्यांसाठी ॲडमिट केलं तरी नाही. लहान मुलांना तर डॉक्टर पुष्कळदा "जरा लक्ष ठेवू" म्हणूनच दाखल करतात! तुमचा सल्ला साधा होता: डिस्चार्ज कार्डावर काय उपचार दिले ते सगळं लिहिलंय ना, हे घरी निघण्याआधी वाचायचं. खोटं काही लिहून घ्यायचं नाही, पण दिलेलं औषध लिहायचं राहूनही द्यायचं नाही.

खोलीभाड्याचा भाग मात्र मी जन्मात विसरणार नाही. मला वाटायचं, दिवसाला ५,०००ची मर्यादा असेल आणि खोली १०,०००ची घेतली, तर वरचे ५,००० आपण भरायचे. तुम्ही बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडलेत. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली म्हणजे त्या खोलीशी बांधलेले बाकीचे खर्चही, डॉक्टरांच्या भेटी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर, निम्मेच मिळणार. हे खर्च ६०,००० झाले तर हातात ३०,०००. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूला ही कात्री लागत नाही, तेवढाच दिलासा. आणि मग तुम्ही जे म्हणालात ते कुठल्याही माहितीपत्रकात मी वाचलेलं नाही: "मोठा माणूस तिघांच्या खोलीत राहतो गं. तू अंगावरचं बाळ घेऊन कुठे राहणार?" लहान मूल ॲडमिट होतं तेव्हा आईपण ॲडमिट होते, त्यामुळे स्वतंत्र खोली ही चैन राहत नाही. म्हणून आमच्यासाठी खोलीभाड्याला मर्यादा नसणं हे विमा रकमेपेक्षाही वरचं ठरलं. तक्त्यातल्या स्वस्त वाटणाऱ्या दोन पॉलिसी तिथेच गळाल्या.

बाळाच्या बाबतीत तर तुम्ही नसता तर आमचे पहिले तीन महिने उघड्यावर गेले असते. विम्याच्या भाषेत नवजात म्हणजे पॉलिसीच्या मुदतीत जन्मलेलं, ९० दिवसांपर्यंतचं बाळ. बऱ्याच फ्लोटर पॉलिसी (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) मुलाला ९१व्या दिवसापासून आत घेतात. त्याआधी हवं असेल तर पॉलिसीत मातृत्वाचा लाभ लागतो आणि त्याला प्रतीक्षा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तो लाभ मिळू लागेपर्यंत थांबायचा काळ, कुठे नऊ महिने, कुठे दोन-तीन वर्षं. सातव्या महिन्यात ती घेऊन काय उपयोग? आणि काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आलीच तर ती याच दिवसांत येते. तुम्ही नवऱ्याच्या ऑफिसच्या गट विम्याचे कागद मागवलेत. त्यात बाळ पहिल्या दिवसापासून होतं, फक्त ठरलेल्या मुदतीत कळवायची अट होती. बाळंतपणाच्या धांदलीत हेच राहतं म्हणून तुम्ही नवऱ्याकडून ईमेल आधीच लिहून घेतलात, जन्मतारखेची जागा रिकामी सोडून. "नाव ठरलं नसलं तरी अडत नाही, बेबी ऑफ अमुक चालतं." बाळ झालं त्याच दिवशी ती ईमेल गेली.

मग साहजिकच नवरा म्हणाला, ऑफिसचं आहे तर स्वतःची पॉलिसी कशाला? तुम्ही त्याला एवढंच सांगितलंत, की नोकरी गेली की तो विमा जातो, आणि स्वतःच्या पॉलिसीतल्या प्रतीक्षेचं घड्याळ साधारणपणे ती घेतल्यावरच चालू होतं. घोरणाऱ्या मुलीचं उदाहरण तिथेच दिलंत. टॉन्सिल, ॲडेनॉइड, हर्निया ही मुलांमधली नेहमीची ऑपरेशनं बहुतेक पॉलिसींत २४ महिन्यांच्या प्रतीक्षेच्या यादीत असतात. आज घेतलं तर दोन वर्षांनी मोकळं, दोन वर्षांनी घेतलं तर चार वर्षांनी. जन्मजात दोषांचाही फरक तुमच्याकडूनच कळला. शरीराच्या आतला दोष बऱ्याच पॉलिसी घेतात, बाहेर दिसणारा वगळतात. हे तक्ता करणाऱ्या कुणाच्या डोक्यात येतं?

सासू-सासऱ्यांना त्याच फ्लोटरमध्ये घालायचा बेत तुम्ही एका वाक्यात मोडलात. फ्लोटरचा हप्ता वयाने सगळ्यात मोठ्या माणसावर ठरतो आणि रक्कम सगळ्यांत वाटली जाते. त्यांची वेगळी घेतली. आपल्या चौघांच्या पॉलिसीवर सुपर टॉप-अप (ठरलेल्या मर्यादेच्या वरचा खर्च देणारी जादा पॉलिसी) घेतला. साधा टॉप-अप दर क्लेमला स्वतंत्रपणे मर्यादा ओलांडायला लावतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो. घरात एकाला ताप आला की दुसऱ्याला येतोच, त्यामुळे हा फरक लहान मुलांच्या घरात कागदावरचा नाही.

प्रस्ताव अर्जावरून झालेली वादावादी आठवते? आमचा एजंट म्हणत होता, "घरघर, कावीळ कशाला लिहिता मॅडम, उगीच अडवतील." तुम्ही सगळं लिहायला लावलंत, डिस्चार्ज कार्डं जोडायला लावलीत. कंपनीने मुलीच्या श्वसनाच्या त्रासाला प्रतीक्षा लावलीच. एजंट खूश, "सांगितलं होतं ना!" तुम्ही शांतपणे म्हणालात, जुन्या आजाराला आता जास्तीत जास्त ३ वर्षांची प्रतीक्षा लावता येते, पूर्वी ४ होती. ती सरते. लपवलेलं सापडलं तर सगळी पॉलिसीच जाते, आणि कंपनीला तसं खोदायला पहिले ६० महिने मोकळे असतात. फसवणूक असेल तर त्यानंतरही. माझ्या मते एजंटचा तसा दोष नाही, त्याला हप्ता भरला जाण्याशी काम. पण तुमच्यासारखं कुणी मध्ये बसलेलं नसेल तर घरोघर त्याचंच ऐकलं जातं.

पॉलिसी हातात आल्यावर तुम्ही ग्राहक माहिती पत्रक मराठीत मागवायला सांगितलंत. मागितलं तर स्थानिक भाषेत द्यायची सोय आहे, हे मला माहीतच नव्हतं. आणि ३० दिवसांच्या फ्री-लुकमध्ये ते वाचून काढायला लावलंत. नाही पटलं तर परत करता येतं, मग वाचायला कंटाळा कसला, हा तुमचा युक्तिवाद. करबचतीसाठी मार्चमध्ये घाईने पॉलिसी घेणाऱ्यांविषयी तुम्ही जे बोललात ते इथे छापण्याजोगं नाही. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर करसवलत आहे, पण ती जुन्या करपद्धतीत, आणि कर वाचला म्हणून टॉन्सिलची प्रतीक्षा कमी होत नाही, इतकंच लिहिते.

पुढचं तुम्हाला फोनवर तुटक सांगितलं होतं. धाकट्याला छातीचा संसर्ग झाला, ॲडमिट करावं लागलं. क्लेम ऑफिसच्या विम्यातून केला, म्हणजे आपल्या पॉलिसीचा बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारा) शाबूत राहिला, हीसुद्धा तुमचीच शिकवण. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, अंतिम मंजुरी उद्या येईल, तोवर खोलीचं भाडं लागेल. मी त्याला शांतपणे विमा नियामकाचं २९ मे २०२४चं परिपत्रक सांगितलं: कॅशलेसचा निर्णय एका तासात, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत, आणि उशिरामुळे वाढलेला खर्च विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. संध्याकाळी आम्ही घरी होतो. बिलात न मिळणारे खर्च निघाले, पण धक्का बसला नाही, कारण ती ६८ बाबींची यादी तुम्ही आधीच दाखवली होती. पहिलीच बाब बेबी फूड, खाली डायपर, नेब्युलायझर किट, थर्मामीटर. यादी करणाऱ्याच्या घरी लहान मूल असणार, असं आपण तेव्हा हसून म्हणालो होतो. कंझ्युमेबल्सची, म्हणजे अशा वापरून टाकायच्या वस्तूंची जोड आपल्या पॉलिसीला घेतली ती त्या यादीमुळेच.

तक्रारीची वेळ आली नाही. पण विमा लोकपालाकडे फी न भरता ५० लाखांपर्यंतचा दावा मांडता येतो, कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत, हे तुमच्या अक्षरातलं टिपण फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवलंय.

या सगळ्यात तुम्ही एकदाही "अमक्या कंपनीची घ्या" म्हणाला नाहीत. मी चार वेळा विचारलं, नवऱ्याने आडून विचारलं, तुम्ही दाद दिली नाहीत. तेव्हा थोडा रागही आला होता. आता कुणी मला तेच विचारतं तेव्हा मीही आधी मुलांच्या आजारपणांची यादी मागते. लोक वैतागतात.

एक पूर्वसूचना: नणंदेला दिवस गेलेत आणि तिचा नवरा येत्या नूतनीकरणाला पॉलिसी पोर्ट करायचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं म्हणतोय. ४५ दिवस आधी अर्ज करायचा, हे मी सांगितलंय. बाकीचं तुमच्याकडून ऐकायला दोघं येत्या रविवारी येतील. तक्ता आणू नका म्हटलंय, पण आणतीलच.

तुमची,
खालच्या मजल्यावरची