संशोधनासाठी निधी हवा, आणि तो सांभाळणारी माणसेही हवीत : एक आवाहन

सप्रेम नमस्कार.

वृद्धत्व आणि व्यायाम यांचा संबंध अभ्यासणाऱ्या संशोधकांना आर्थिक पाठबळ देणाऱ्या आमच्या प्रतिष्ठानाच्या विद्यमान विश्वस्त मंडळाची मुदत या वर्षअखेर संपत आहे. अध्यक्ष, कोषाध्यक्ष आणि शास्त्रीय सल्लागार समितीचे प्रमुख हे तिघेही घटनेतील तरतुदीप्रमाणे पदमुक्त होतील. म्हणून हे आवाहन दुहेरी आहे. संशोधन निधीला देणगी द्यावी ही विनंती तर आहेच, पण त्या निधीची जबाबदारी स्वीकारण्यासाठी आपल्यापैकी काहींनी पुढे यावे, ही विनंती आम्ही तिच्याही आधी करत आहोत. पैसे कमी पडले तर एखादा प्रकल्प लांबणीवर पडतो. पैसे कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्यांची दृष्टी कमी पडली, तर चांगला प्रकल्प सुरूच होत नाही, आणि तो सुरू झाला नाही हे कोणाला कळतही नाही.

या क्षेत्रातले काम कसे चालते हे एका साध्या चाचणीवरून लक्षात येईल. भिंतीला टेकवून ठेवलेली, हात नसलेली एक सरळ पाठीची खुर्ची असते. तिच्यावर बसलेल्या ज्येष्ठ व्यक्तीने दोन्ही हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे, एवढेच काम असते. शेजारी संशोधन सहायक वेळ मोजत उभा असतो. पहिल्या दोन खेपा सहज होतात. तिसऱ्या खेपेला मांड्या थरथरू लागतात, चौथ्या खेपेला एक हात नकळत छातीवरून सुटून गुडघ्याकडे जातो. सहायकाने त्या वेळी पडण्यापासून जपण्यापुरते सावध राहायचे, पण आधार द्यायचा नाही, ‘शाब्बास’ म्हणून उत्तेजनही द्यायचे नाही, आणि हात सुटला याची नोंद मात्र करायची. तोल सांभाळणे, थोडे अंतर नेहमीच्या वेगाने चालणे आणि खुर्चीवरून उठणे या तीन गोष्टींना मिळून शून्य ते १२ असे गुण देण्याची ही पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आज वार्धक्याच्या अभ्यासात ती सर्वत्र वापरली जाते. तिला लागणारे साहित्य अगदी थोडे आहे. तिला लागतो तो दोन वर्षांनंतरही त्याच व्यक्तीची, त्याच पद्धतीने, त्याच काटेकोरपणे मोजणी करणारा शिकलेला माणूस, आणि त्याचे वेतन.

हे आम्ही चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या देणगीतून आम्ही स्नायूंची ताकद मोजणारे एक महागडे यंत्र घेऊन दिले, कारण देणगीदाराला दाखवायला ते चांगले होते. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या वेतनाची तरतूद कोणीच केली नव्हती. पहिले सहा महिने ते चालले, नंतर बराच काळ कापडाने झाकून कोपऱ्यात उभे राहिले. तो निर्णय मंडळाचा होता आणि चूकही मंडळाचीच होती. तेव्हापासून मंजूर निधीतील मोठा वाटा माणसांवर खर्च व्हावा, असा नियम आम्ही केला आहे, आणि नव्या मंडळाने तो मोडू नये अशी आमची मनापासून इच्छा आहे.

नेतृत्वाकडून आम्हाला सर्वाधिक अपेक्षा आहे ती धीराची. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची आकडेवारी मांडली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा, जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध शास्त्रीय चर्चेत ठळकपणे आला तो या नोंदींमुळे. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले आणि श्रम करताना प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता किती घटते ते मोजले गेले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वयवाढीने या क्षमतेचे जेवढे नुकसान केले, त्यापेक्षा अधिक नुकसान त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केले होते. हा निष्कर्ष मिळाला, कारण कोणीतरी तीस वर्षे जुन्या नोंदी जपल्या, त्या पाच माणसांचा शोध घेतला आणि या कामाला पैसे द्यायला कोणीतरी तयार झाले.

छोट्या प्रतिष्ठानाने नेमके कोठे उभे राहावे, याबाबत आमचे मत ठाम आहे. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ व्यक्तींना सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ सहभागी करून एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये जाहीर झाले. नियमित व्यायाम करणाऱ्या गटात ३०.१ टक्के, तर केवळ आरोग्यविषयक मार्गदर्शन मिळालेल्या गटात ३५.५ टक्के लोकांची चालण्याची क्षमता गंभीररीत्या बाधित झाली, म्हणजे त्यांना ४०० मीटर चालणेही जमेना. असे काम सरकारी निधीशिवाय होत नाही आणि आम्ही त्याची हाव धरू नये. परंतु १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धनिवासात राहणाऱ्या अवघ्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे ताकदीचे व्यायाम करायला लावले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढल्याचे दाखवले. एवढ्या उतारवयात स्नायू व्यायामाला प्रतिसाद देतील, असे तोवर फार थोड्यांना वाटत होते. त्या दहा जणांवरील कामानंतर चार वर्षांनी शंभर जणांचा, तुलनेसाठी स्वतंत्र गट असलेला अभ्यास उभा राहिला. त्या पहिल्या दहा जणांच्या टप्प्यावर, जेव्हा कल्पना धाडसी असते, संशोधक तरुण असतो आणि हाती पुरावा नसतो, तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहणे हे आमचे काम आहे.

धीराइतकाच प्रामाणिकपणाही लागतो. नॉर्वेतील त्रोन्हाइम येथे सत्तर ते सत्त्याहत्तर वयाच्या १,५६७ लोकांवर पाच वर्षे अभ्यास झाला. देखरेखीखालील व्यायाम करणारे आणि राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतःच हालचाल करणारे यांच्या मृत्युदरात एकंदरीत फरक आढळला नाही, असे २०२० मध्ये त्या संशोधकांनी सरळ लिहिले. तुलनेचा गटही बराच सक्रिय राहिला होता, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. असा निष्कर्ष देणगीदारांसमोर वाचून दाखवताना अध्यक्षांचा आवाज खाली जाता कामा नये. अपेक्षेविरुद्ध आलेला निकालही प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही अट आमच्या प्रत्येक अनुदानपत्रात आहे. पूरक आहार, औषधे किंवा व्यायामाची उपकरणे विकणाऱ्यांकडून येणारी, निकालाशी जोडलेली देणगी आम्ही स्वीकारत नाही. ज्या विश्वस्ताचा एखाद्या अर्जाशी कोणताही संबंध असेल, तो त्या अर्जावरील चर्चेच्या वेळी सभागृहाबाहेर बसतो. आपल्या शिष्याचा अर्ज चर्चेला असताना बाहेर उठून जाणे मोठ्या प्राध्यापकांनाही जड जाते, हे आम्ही पाहिले आहे. तरीही ते गेले, म्हणूनच आमच्या निवडीवर संशोधकांचा विश्वास बसला.

आता आमची प्रत्यक्ष मागणी. आम्हाला तीन वर्षे सलग चालेल असा निधी उभारायचा आहे, त्यामुळे एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा नियमित येणारी लहान रक्कम आमच्या अधिक उपयोगाची आहे. तिच्या भरवशावर एखाद्या सहायकाला तीन वर्षांचे नेमणूकपत्र देता येते. ज्यांना एकरकमी देणगी द्यायची असेल, त्यांनी ती शक्यतो कोणत्याही विशिष्ट प्रकल्पासाठी राखून न ठेवता सर्वसाधारण निधीत द्यावी. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि लेखापरीक्षण झालेला वार्षिक हिशेब प्रत्येक देणगीदाराला पाठवला जाईल.

विश्वस्तपदासाठी वैद्यकीय पदवीची अट नाही. हिशेब वाचता येणारी व्यक्ती आम्हाला तातडीने हवी आहे, कारण सल्लागार समितीवर शास्त्रज्ञ मिळतात, कोषाध्यक्ष मिळत नाही. भौतिकोपचार, शुश्रूषा, व्यायामशिक्षण किंवा संख्याशास्त्र यांत आयुष्य घालवलेल्यांचे स्वागत आहे. विश्वस्तांपैकी किमान दोघे सत्तरी ओलांडलेले असावेत, असाही आमचा आग्रह आहे. एका संशोधकाने आठवड्यातून पाच दिवस सकाळी सातला हजर राहण्याची अट असलेला आराखडा सादर केला होता. गुडघे सकाळी आखडलेले असतात आणि नऊच्या आधी जिना उतरवत नाही, हे त्याला मंडळातल्या एका ज्येष्ठ विश्वस्त बाईंनी सांगितले. वेळ बदलली आणि त्या अभ्यासातून मध्येच बाहेर पडणारे फारच थोडे निघाले.

हे पद मानद आहे. वर्षातून चार बैठका होतात, आणि प्रत्येक बैठकीपूर्वी सुमारे वीस अर्ज पूर्ण वाचून यावे लागते. वाचून न येणाऱ्यांसाठी हे पद नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. मुदत तीन वर्षांची असून लागोपाठ दोनपेक्षा अधिक वेळा निवड होत नाही. इच्छुकांनी आपला अल्प परिचय आणि हे काम का करावेसे वाटते याबद्दल एक पानभर मजकूर प्रतिष्ठानाच्या चिटणीसांकडे पाठवावा. आलेल्या प्रत्येकाला येत्या बैठकीत निरीक्षक म्हणून बसण्याचे निमंत्रण दिले जाईल. त्या बैठकीसमोर आलेले अर्ज त्यांनाही आधी वाचायला मिळतील आणि त्यांचे मत आम्ही सर्वांत आधी ऐकून घेऊ.

आपले,
विश्वस्त मंडळ