तक्रार पत्र: रात्रभर प्लॅस्टर न कापल्याने माझ्या मुलाच्या उजव्या हाताचे कायमचे नुकसान

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
आणि मा. वैद्यकीय अधीक्षक, रत्नागिरी रुग्णालय

विषय: आपल्या लेखी उत्तरातील मुद्दे अमान्य असल्याबाबत, संपूर्ण केस रेकॉर्ड व नुकसानभरपाई मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी पावस भागातल्या एका वाडीत राहते. माझे पती मिरकरवाड्याच्या एका मासेमारी बोटीवर खलाशी आहेत. आमचा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या मे महिन्यात आपल्या रत्नागिरीच्या रुग्णालयात दाखल होता. रुग्ण नोंदणी क्रमांक सोबतच्या केसपेपरवर आहे.

माझ्या पहिल्या अर्जाला आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर मिळाले. त्यात तीन गोष्टी लिहिल्या आहेत: कोपराजवळचे हाड मोडल्यावर अशी गुंतागुंत होऊ शकते, संमतीपत्रावर माझी सही आहे, आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेरून येणारे असल्याने ते आपले कर्मचारी नाहीत. माझी तक्रार ज्या रात्रीबद्दल आहे, त्या रात्रीबद्दल या उत्तरात एक ओळही नाही. म्हणून पुन्हा सविस्तर लिहिते आहे.

आंब्याचे शेवटचे दिवस होते. मुलगा घरामागच्या दगडी गडग्यावरून खाली पडला आणि उजव्या कोपराच्या वरचे हाड मोडले. पती समुद्रात होते. धाकट्या दिरांनी रिक्षा आणली आणि आम्ही त्याला थेट आपल्याकडे आणले. त्या दिवशी कोल्हापूरहून येणारे हाडांचे डॉक्टर हजर होते. त्यांनी भूल देऊन हाड बसवले, तारा घातल्या आणि हात कोपरात वाकवून पक्के प्लॅस्टर घातले. संध्याकाळी ते घाटाकडे परत निघाले. हाड बसवण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते नीट बसले होते, असे पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरांनीही सांगितले. पण सूज चढत असताना सूज वाढायला जागा ठेवणारे कच्चे प्लॅस्टर न घालता सगळीकडून बंद असे पक्के का घातले, याचे कारण मला कोणीही सांगितलेले नाही.

रात्री जेवणाच्या सुमारास तो कळवळून रडायला लागला. सिस्टरनी इंजेक्शन दिले. थोडा वेळ बरे वाटले आणि मग दुखणे आधीपेक्षा वाढले. दुसरे इंजेक्शन दिले. प्लॅस्टरच्या बाहेर दिसणारी बोटे सुजून काळीनिळी झाली होती. मी एक बोट जरा सरळ करून पाहिले तर तो किंचाळला. "आई, हे काढ ना, आत कुणीतरी आवळतंय," असे तो सारखे म्हणत होता. सिस्टर म्हणाल्या, "ताई, पहिल्या रात्री दुखतंच. नख दाबलं की रक्त येतंय, म्हणजे ठीक आहे." ड्युटीवरचे डॉक्टर एकदा येऊन गेले. मोठ्या डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. मी हात जोडून प्लॅस्टर कापा म्हणून सांगितले. त्यावर मिळालेले उत्तर जसेच्या तसे लिहिते: "सरांच्या परवानगीशिवाय प्लॅस्टरला हात लावता येत नाही."

माझी सगळी तक्रार या एका वाक्यावर उभी आहे.

पहाटे तो गप्प झाला. "बघा, शांत झाला," असे मला सांगण्यात आले. तो शांत झाला, कारण बोटे बधिर झाली होती. दुपारी प्लॅस्टर कापले तेव्हा हातावर फोड आले होते आणि कोपराखालचा भाग दगडासारखा कडक लागत होता. मग घाईने कोल्हापूरला पाठवले. साखरपा, आंबा घाट, मलकापूर असा तो प्रवास. मुलगा मला विचारत होता, "आई, माझा हात कुठे आहे?" हात त्याच्या छातीवरच होता.

कोल्हापुरात त्याच रात्री हाताची कातडी आणि स्नायूंवरचे आवरण लांबवर उघडून आतला दाब सोडवावा लागला आणि मेलेले स्नायू काढावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी मला जे समजावले ते आपल्या संचालकांनीही वाचावे. हातातले स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत असतात. हाड मोडल्यावर आत रक्त साचते, सूज येते, आणि बाहेरून प्लॅस्टर ताणू देत नाही. कप्प्यातला दाब वाढत जातो, बारीक रक्तवाहिन्या दबतात, स्नायू आणि नसा रक्तावाचून राहतात. हे साधारण सहा तास चालले तर स्नायूंचे नुकसान भरून न येणारे होऊ लागते. नखात रक्त परतते किंवा नाडी लागते म्हणून धोका नाही, असे अजिबात नसते. दुखापतीच्या मानाने जास्त दुखणे, औषधाने न थांबणारे दुखणे आणि बोट सरळ केल्यावर असह्य कळ, ही पहिली लक्षणे. लहान मूल ते नीट सांगू शकत नाही. ते तळमळते, घाबरते, आणि त्याला पुन्हा पुन्हा वेदनाशामक लागते. माझ्या मुलात यातले सगळे दिसत होते आणि मी सगळे सांगत होते.

हा आजार नवा नाही. घट्ट बांधलेल्या पट्ट्यांमुळे हात असा आखडतो, हे फोल्कमान या जर्मन शल्यविशारदांनी १८८१ मध्ये लिहून ठेवले आणि त्या आखडण्याला आजही त्यांचेच नाव आहे. पहिला उपाय प्लॅस्टर आणि आतला कापूस पूर्ण लांबीने कापून मोकळा करणे हा आहे. त्याला ऑपरेशन थिएटर लागत नाही, भूल लागत नाही. करवत आपल्या रुग्णालयात होती, दुसऱ्या दिवशी तीच वापरली. फक्त ती चालवण्याचा अधिकार रात्री कोणालाच दिलेला नव्हता.

आता आपल्या उत्तरातल्या तीन गोष्टींकडे येते.

गुंतागुंत होऊ शकते, हे मला मान्य आहे. कोपरासमोरून मोठी रक्तवाहिनी जाते, सूज येते, हे सगळे खरे. पण गुंतागुंत होणे वेगळे आणि ती डोळ्यांसमोर दिसत असताना रात्रभर काहीही न करणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात डॉक्टरांना मोठे संरक्षण दिले आणि ते योग्यच आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, हे त्याच निकालात आहे. मला कोणाला तुरुंगात पाठवायचे नाही आणि मी पोलिसांत गेलेली नाही. पण त्याच निकालात मोजमापही दिले आहे: त्या कामातला सर्वसाधारण कुशल माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली का? प्लॅस्टरच्या हाताची बोटे निळी पडली तर काय करायचे, हे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते.

संमतीपत्र इंग्रजीत होते. मुलगा टेबलावर असताना "इथे सही करा" एवढेच सांगितले गेले. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती तीच खरी संमती. आणि समजा मला सगळे समजावले असते, तरी मी सही केली ती हाड बसवायला. हलगर्जीपणा सोसायला मी कुठेही सही केलेली नाही, आणि अशी सही कोणाकडून घेताही येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त लागली. बाहेरून येणारे डॉक्टर आपले नाहीत, असे आपण लिहिता. कोकणात तज्ज्ञ डॉक्टर कायम मिळणे अवघड आहे, कोल्हापूर-मुंबईहून ठरावीक दिवशी येणाऱ्यांवर आपला जिल्हा चालतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. ते येतात म्हणून आमचे बरेच जण वाचतात. पण त्यांच्या नावाचा फलक आपल्या दारात आहे, पावती आपण दिली, बिलात त्यांची फी आपण लावली. २००४ मध्ये सविता गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टर कायमचे असोत वा बोलावलेले, रुग्णालय जबाबदारी झटकू शकत नाही, आणि काळजी घेतली होती हे दाखवण्याचे ओझे रुग्णालयावर येते. शिवाय रात्रीच्या सिस्टर आणि ड्युटी डॉक्टर तर आपलेच होते ना? त्या सिस्टरवर माझा राग नाही. त्या एकट्या दोन वॉर्ड सांभाळत होत्या. त्यांना एकटे ठेवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, रुग्णालय चालवणाऱ्या आपल्या कंपनीचा होता.

आज माझ्या मुलाची उजव्या हाताची बोटे आत वळलेली आहेत. मनगट खाली वाकवले तरच ती थोडी उघडतात. तव्यावरचा घावणा उचलताना चटका बसला तरी त्याला कळत नाही, फोड आल्यावर कळते. शाळेत तो डाव्या हाताने लिहायला शिकतो आहे आणि पेपर पुरा होत नाही. पुढे स्नायू सरकवण्याच्या आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) बदलण्याच्या शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि मोठे होईपर्यंत तपासण्या लागतील, असे सांगितले आहे. त्याच्या वडिलांचे सगळे काम दोन हातांचे आहे, आमच्या घरात दुसरे कसले काम कोणी केलेले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. मुलाचे संपूर्ण रेकॉर्ड मला द्यावे: एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणी, संमतीपत्र, रात्रीच्या सिस्टरांच्या नोंदी, इंजेक्शनांच्या वेळा आणि त्या रात्रीचा ड्युटी तक्ता. मला आतापर्यंत फक्त डिस्चार्ज कार्ड मिळाले आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आपल्याकडचे बिल, कोल्हापूरचा खर्च, पुढच्या शस्त्रक्रिया आणि मुलाला आलेले अपंगत्व यांची भरपाई किती देणार, ते लेखी कळवावे. आणि यापुढे प्लॅस्टर घातलेल्या प्रत्येक रुग्णाची बोटे रात्री ठरावीक वेळाने तपासली जातील, आणि गरज पडल्यास ड्युटीवरचा डॉक्टर कोणालाही न विचारता प्लॅस्टर कापू शकेल, असा लेखी आदेश काढून त्याची प्रत मला द्यावी. या शेवटच्या मागणीवर मी तडजोड करणार नाही. पैसे देऊन विषय मिटवायचा असेल तरीही हा आदेश निघालाच पाहिजे.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून ठरलेले आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यातच, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दावा करू शकते. दिलेले बिल ५ लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही, आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी आयोगात अर्ज करीन. त्याच वेळी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि आपल्या रुग्णालयाला नोंदणी देणाऱ्या प्राधिकरणाकडेही तक्रार पाठवीन. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांप्रमाणे दर्शनी भागात लावायची रुग्ण हक्कांची सनद आपल्याकडे मला कुठेही दिसली नाही, हेही त्यात लिहीन.

रेकॉर्ड घ्यायला मी स्वतः येईन. तयार झाल्यावर अर्जावरच्या फोनवर कळवावे. उत्तर मराठीत द्यावे.

कळावे,

आपली,
रुग्णाची आई

सोबत: केसपेपर व डिस्चार्ज कार्डची प्रत, कोल्हापूर येथील शस्त्रक्रियेचे कागद, बिले, हाताचे फोटो, आपल्या उत्तराची प्रत