दहावीच्या तोंडावर सर्टिफिकेट, मग तिसरीत नुसते लाल शेरे का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की दरवर्षी तेच बघते. नववी-दहावीच्या मुलाला घेऊन आई सरकारी हॉस्पिटलच्या लाइनीत उभी, कारण शाळेनं आत्ता सांगितलंय की याला लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं) असेल, सर्टिफिकेट काढा म्हणजे बोर्डाला जादा वेळ आणि लेखनिक मिळेल. मिळायलाच हवं, आपल्या राज्यात या मुलांना 1996 पासून सवलती आहेत. पण हेच मूल तिसरीत होतं तेव्हा शाळेनं घरच्यांना काय सांगितलं होतं, हे मला विचारायचंय.

मी डोंबिवलीत घरी शिकवणी घेते, मराठी आणि सेमीची मुलं. चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला. तोंडी विचारलं तर शिवाजी महाराजांचा आख्खा धडा सांगायचा, कुठला किल्ला कधी घेतला सगळं पाठ, आणि लिहायला बसवलं की पेन्सिल अडलीच. 'रायगड'चं 'रागयड', वेलांटी कधी ह्या बाजूला कधी त्या बाजूला तर कधी गायब, जोडाक्षर आलं की शब्दच सोडून पुढे. फळ्यावरच्या दोन ओळी उतरवेपर्यंत बाई फळा पुसून मोकळ्या. त्याची डायरी उघडली तर पानोपानी लाल पेनानं, वही अपूर्ण, घरी लक्ष द्यावे, पालकांनी भेटावे.

आई पोळ्यांची कामं करते. एक काम बुडवून ती भेटायला गेली की वर्गाच्या दारातच, सगळ्या पोरांसमोर, याचं लक्षच नसतं, टीव्ही बंद करा, मोबाईल देऊ नका, झालं, पाच मिनिटांत भेट संपली. घरी आल्यावर त्या पोराला मार. वडील म्हणायचे तूच लाडावून ठेवलंयस, आई म्हणायची तुम्ही कधी पुस्तक हातात घेतलंय का त्याचं. अडचण होती वाचण्या-लिहिण्याची, आणि वर्षभरात सगळं घर त्यात भांडायला लागलं. कारण शाळेनं त्यांच्या हातात फक्त दोष दिला होता, पुढं कुठं जायचं ते कुणीच सांगितलं नव्हतं.

मी सरसकट शिक्षकांना बोल लावत नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, वर निवडणुकीची कामं, रोजची ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशोब, त्यात एकेका मुलाकडे बघायचं कधी? पण बघणारे आहेत. माझ्या बहिणीच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत एक गुरुजी आहेत, दुसरीतल्या एका मुलीचं वाचन अडतंय दिसल्यावर संध्याकाळी स्वतः तिच्या घरी गेले, आईवडील दोघांना समोर बसवलं, वही उघडून दाखवलं की बघा हिला गणित तोंडी येतंय पण आकडे उलटे पडतायत, पोरगी आळशी नाहीये, आधी डोळे आणि कान तपासून घेऊ. तपासलं तर तिला चष्मा लागला, बराचसा प्रश्न तिथंच मिटला. प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं हे मला माहितेय, पण त्या घरात पोरीला मार बसला नाही, हे केवढं मोठं काम आहे!

आणि हे काही शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाहीये, नियमच तसा आहे. शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे 2009 च्या, कलम 24 मध्ये शिक्षकानं पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती सांगायची असं स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अध्ययन अक्षमता आली, आणि 4 जानेवारी 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेत तर पायऱ्याच दिल्या होत्या (2024 मध्ये तिच्या जागी नवी अधिसूचना आली). तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शंका असलेल्या मुलाची शिक्षकानं चाचणी घ्यायची, सरकारी असो की खासगी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली स्क्रीनिंग समिती हवी, तिनं पालकांशी बोलायचं, गरज असेल तर समुपदेशन करायचं आणि मग मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचं. 2018 च्या त्या अधिसूचनेप्रमाणे सर्टिफिकेट आठव्या वर्षापासून मिळायचं, पुढं 14 आणि 18 व्या वर्षी परत तपासणी. म्हणजे कायद्यानं तिसरी धरली आणि शाळा जाग्या होतात नववीत, मधली पाच-सहा वर्षं ते मूल 'ढ' म्हणवून घेत बसतं.

हॉस्पिटलातही एका फेरीत काम होत नाही. आधी बालरोगतज्ज्ञ डोळे-कान वगैरे बघतात, मग मानसतज्ज्ञ बुद्ध्यांकाची चाचणी घेतात, मग वाचन-लेखनाची वेगळी. रोजंदारीवरच्या आईचा प्रत्येक फेरीला खाडा. तिसरीत सुरू केलं तर सुट्टी बघून निवांत होतं, दहावीच्या वर्षात तेच धावपळीत करावं लागतं, आणि तोवर उपचारात्मक शिकवणीची खरी वर्षं निघून गेलेली असतात.

माझी मागणी फार मोठी नाहीये. पहिल्या सहामाहीतच, निकालाची वाट न बघता, शाळेनं आईवडिलांना बोलवावं, वर्गाच्या दारात नाही, ऑफिसात खुर्ची देऊन, आणि शक्यतो त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून. मुलाला काय येतं ते आधी सांगावं, मग काय अडतंय ते वही दाखवून. आणि कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या वारी, कोणते कागद घेऊन जायचं हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावं, सोबत शाळेचं पत्र. याला वेगळा निधी लागत नाही.

शिक्षण विभागानं प्रत्येक शाळेच्या नोटीस बोर्डावर स्क्रीनिंग समितीतल्या लोकांची नावं लावायला सांगावीत. तोवर पालकांनीच पुढच्या पालकसभेत लेखी विचारावं की आपल्या शाळेत ही समिती आहे का, शेवटची कधी बसली, आणि उत्तरही लेखीच मागावं.

आपली,
एक शिकवणीच्या बाई, डोंबिवली