रविवारी गाडी घेऊन येतोय

मुलुंड, बुधवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबा, तुम्ही हात उडवून फोन तिच्याकडे देता. म्हणून लिहितेय. लिहिलेलं तुम्ही शेवटपर्यंत वाचता. ऱ्हस्वदीर्घ काढणारच, काढा.

ठरलंय ते आधी सांगते. रविवारी सकाळी आम्ही गाडी घेऊन गिरगावला येतोय आणि तुम्ही दोघं मुलुंडला येताय. डोक्याकडून वर होणारा पलंग भाड्याने आणून लावलाय. दादाशीही बोललेय. खोली कुठे जात नाही, किल्ली आईकडेच राहील. शिरीषकाकाच्या वेळी झालं तसं काही होणार नाही, एवढा विश्वास ठेवा.

तुम्ही म्हणाल, न्यूमोनिया बरा झाला, आता कशाला? न्यूमोनिया बरा झाला, पण गिळणं अजून सुधारलेलं नाही आणि सगळं तिथूनच सुरू झालं. घशात श्वासनळी आणि अन्ननळी अगदी लगत असतात. घास उतरताना श्वासनळीवर झाकण पडतं. स्ट्रोकनंतर तुमचं ते वेळेवर पडत नाही, आणि तेवढ्यात पाणी, चहा, लाळ फुफ्फुसाकडे सरकते. श्वासनळीला खाली दोन फाटे फुटतात, त्यातला उजव्या फुफ्फुसात जाणारा जास्त रुंद आणि सरळ असतो, एक्सरेत डागही उजवीकडेच खाली होता. आई, तू अजून स्वतःला बोल लावतेस, ते बंद कर. ठसका लागला असता तर तुला कळलं असतं. स्ट्रोकनंतर पुष्कळांना तो लागतच नाही, गुपचूप आत जातं. तुझ्या जागी मी असते तरी मला कळलं नसतं.

आता बाबा, तुमच्याशी. पुन्हा पाठीत सुई घालतील म्हणून तुम्ही खोकला दाबता, असं आई म्हणाली. मी तिथेच उभी होते. टेबलावरच्या उशीवर हात टाकून तुम्हाला पुढे वाकवलं होतं. सोनोग्राफीवर जागा बघून, बधिर करून, बरगडीच्या वरच्या कडेवरून सुई घातली, कारण खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि नस असते. फुफ्फुसाभोवती साठलेलं पिवळसर पाणी नळीतून बाटलीत उतरत होतं आणि डॉक्टरांनी मध्येच थांबवलं. काहीतरी बिघडलं असं तुम्हाला वाटलं, माझा हात किती घट्ट धरलात! बिघडलं काही नव्हतं. एका वेळी फार पाणी ओढलं तर दबलेलं फुफ्फुस एकदम फुगून त्यालाच सूज येऊ शकते, म्हणून साधारण दीड लिटरच्या पुढे सहसा जात नाहीत. ते पाणी न्यूमोनियामुळे साठलं होतं. खोकला वेळेवर कळला तर गोळ्यांवर भागेल, लपवलात तर पुन्हा सुईच. आणि ते घशात नळी घालून कफ ओढायचं मशीन घरी आणलेलं नाही. मुद्दाम विचारलं, गरज नाही म्हणाले.

इथे लिफ्ट आहे, संडास खोलीला लागून आहे. रात्री तुमच्याजवळ बसायला नर्सिंग ब्युरोचे मामा येतील, म्हणजे आईला सलग झोप मिळेल. महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात तुमचं नाव घालते. लोकसत्ता सकाळी दारात असतो आणि ओवीला अजून कोडं सोडवता येत नाही, त्यामुळे ते कोरंच मिळेल. आई, ओटा तुझा. मिसळणाचा डबा तुझाच आण, माझ्या मोहरीला तू नावं ठेवतेस.

लहानपणी गोष्ट ऐकताना मी घास गालात धरून बसायचे, आठवतं? "आधी गिळ, मग पुढचं" म्हणून तुम्ही राक्षसाला दारातच उभा करायचात. आता तोच नियम तुम्हाला. जेवताना टीव्ही बंद आणि गप्पाही बंद.

रविवारपर्यंत एवढं पाळा. खुर्चीत ताठ बसूनच खायचं, पाण्याचा घोटसुद्धा आडवं होऊन नाही. स्पीच थेरपिस्टने दाखवलंय तशी हनुवटी छातीकडे, लहान चमचा, एक घास पूर्ण उतरला की दुसरा. जेवल्यावर निदान अर्धा तास बसून राहायचं. आई, बाबांनी तोंड वाकडं केलं म्हणून चहा दाट करायची पावडर कमी करू नकोस. ढवळून दोन मिनिटं ठेव, गुठळी राहिली तर गाळून घे. चहा पिठल्यासारखा लागतो हे मान्य, मी पिऊन बघितला. पेजेत शितं नकोत, दुधात पोहे नकोत, कारण पातळ आणि घट्ट एकत्र आलं की त्यांना सांभाळता येत नाही. वरणभात एकजीव कालवून दे. शेजारच्या काकूंचा चिवडा तू खा. दात आणि जीभ दोन वेळा साफ, रात्री कवळी काढून धुवायची. तोंडातले जंतूच लाळेबरोबर खाली जातात. नानांनी दिलेली झोपेची गोळी फेकून दे, सुस्तीत गिळणं आणखी ढिलं पडतं. ताप आला, धाप लागली किंवा आवाज घोगरा, ओलसर वाटला तर रात्री दोनलाही फोन कर.

तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवायला दोन माणसं सांगितलीत. बाबा, मी चालत उतरतो म्हणाल. चालणार नाही. गणपतीत पाच दिवस गिरगावला परत आणीन, हे लेखी देतेय. फाईल, एक्सरे आणि कवळीची डबी एकाच पिशवीत, हाताशी ठेवा.

तुमची,
मनू