आमच्यानंतर मुलांचे कोण?

घाटंजी, जि. यवतमाळ

प्रिय सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, याची रुखरुख आहे. आम्हा दोघांची प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे.

परवा वकिलांकडे गेलो होतो. आमच्या पश्चात ओम आणि पिंकी या नातवंडांना कोणी सांभाळावे, हे मृत्युपत्रात लिहून ठेवावे, असे मनात होते. वकील म्हणाले, आपल्या वाट्याचे शेत कोणाला द्यायचे ते लिहा, पण मुले कोणाच्या हवाली करायची हे आजोबांना मृत्युपत्राने ठरवता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तो अधिकार आईबापांना दिला आहे, आणि प्रशांतला व सूनबाईंना तेवढी उसंत कुठे मिळाली!

बाल संगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २२५० रुपये मंजूर आहेत आणि त्यांचा मोठा आधार आहे. मात्र कागद काढले की वसुधाचा दिवस जातो. मुलाच्या आणि सुनेच्या मृत्यूचे दाखले तिने एका प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवले आहेत. झेरॉक्सवाला ते काचेवर पालथे घालतो तेव्हा ती दुसरीकडे पाहते. योजनेची माणसे घरी भेट देतात तेव्हा मुलांची चौकशी व्हायलाच हवी, पण त्याच भेटीत म्हातारा-म्हातारीची तब्येत कशी आहे आणि त्यांच्यामागे घरात कोण आहे, हेही कोणीतरी विचारावे, असे मला फार वाटते. पिंकी सहा वर्षांची आणि मी एकाहत्तरचा. ती सज्ञान होईल तेव्हा मी त्र्याऐंशीचा असेन. शाळेच्या फॉर्मवर मी सही करत होतो, तेव्हा ओमने विचारले, “आबाजी, तुमच्यानंतर इथे कोण सही करील?”

शेत विकून यवतमाळला ये, असे तू तेव्हाच सांगत होतास, हे मला आठवते. त्या वादापायी आपण पोळ्यालाही एकमेकांच्या दारी गेलो नाही आणि शेवटी तुझ्या आईने दोघांचे कान धरून एका ताटात जेवायला बसवले. तो वाद आता पुन्हा नको. ओम तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन साऱ्या गल्लीत मिरवतो, ती गल्ली मी त्याच्यापासून तोडणार नाही.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालक नेमण्याचा अर्ज नातलगाप्रमाणे मुलाच्या मित्रालाही करता येतो आणि मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायालय त्याची इच्छाही विचारात घेऊ शकते. आमचा अर्ज मी आताच जिल्हा न्यायालयात करतो आहे. आमच्यानंतर तुझी वंदना पुढे येईल का? तिला आणि जावईबापूंना नीट विचार. भिडेखातर होकार नको. त्यांची तयारी असेल तर उन्हाळ्यात मुलांना तिच्याकडे राहू दे, म्हणजे त्यांना ती परकी वाटणार नाही.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले का? नातीचा बारावीचा निकाल कळव. कोर्टाच्या तारखेला मात्र तू बरोबर हवास, काठी टेकत आलास तरी चालेल.

तुझा,
वामन