समुद्रकिनारी चाकाच्या खुर्चीलाही वाट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या किनाऱ्यांवर पर्यटकांसाठी काय करायला हवं याविषयी वाचकांची पत्रं येत असतात. रस्ते, पार्किंग, कचरा, जीवरक्षक हे सगळं त्यात असतं आणि ते असायलाच हवं. त्यात मला एक मागणी घालायची आहे. सुरूच्या बनापासून ओल्या वाळूपर्यंत चाकाची खुर्ची ढकलत नेता येईल अशी फळ्यांची वाट हवी. सगळा किनारा नको, प्रत्येक मोठ्या किनाऱ्यावर अशी एक वाट पुरे.

माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका येऊन काही वर्षं झाली. उजवा हात-पाय तेव्हापासून साथ देत नाही. धरून उभी राहते, दोन पावलं टाकते, बाकी सगळा वावर खुर्चीवर. बोलणं शाबूत आहे आणि घरात कुणाचं काय चाललंय याकडं लक्षही. पण ती आजारी पडल्यापासून आम्ही सगळे मिळून कुठं मुक्कामाला गेलोच नव्हतो. लग्न असो, जत्रा असो, एक जण मागं थांबायचा, आणि तो एक जण बहुतेक वेळा माझी बायको. सासूला उठवणं, न्हाऊ घालणं, रात्री दोनदा कूस बदलायला उठणं हे सगळं ती करते. तिला सुट्टी हवी हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण आईला सोडून ती कुठं जाणार नव्हती आणि गेली असती तरी तिचा जीव घरातच राहिला असता. म्हणून ठरवलं की जायचं तर आईला घेऊनच. कुठं जायचं, असं आईलाच विचारलं. ती म्हणाली, समुद्रावर. पाय धड होते तेव्हा ती भजनी मंडळाबरोबर गणपतीपुळ्याला गेली होती, तेवढाच तिचा समुद्र.

मुलीनं तारकर्ली ठरवली आणि हॉटेलं शोधायला लागली. मी तिला तीनच प्रश्न लिहून दिले होते. खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी किती. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं मिळायची. तिसऱ्याला मिळायचं ते असं: एसी आहे, वायफाय आहे, खोलीतून समुद्र दिसतो, नाश्ता पॅकेजमध्ये धरलाय. रुंदी कुणी सांगेना. आईची खुर्ची बाहेरून बाहेर पंचवीस इंच आहे आणि आपल्याकडं न्हाणीघराला दोन फुटी दार बसवायची पद्धत आहे, म्हणजे चोवीस इंच. त्या एका इंचापायी माणूस अडतो. शेवटी एका घरगुती हॉटेलचे मालक म्हणाले, "थांबा, टेप लावून सांगतो." आणि खरंच पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला, तीस इंच. आम्ही तिथंच पैसे भरले.

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण अशा रस्त्यानं गेलो. माघ होता, थंडी सरत आली होती. घाटात आईला त्रास होईल अशी धास्ती होती, पण ती खिडकीतून बघत राहिली.

हॉटेल सुरूच्या बनाच्या मागंच होतं. मालकांच्या आईनं आमच्या आईला काय चावतं, काय गिळता येतं हे स्वतः येऊन विचारलं. मग रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी मऊ भात, कुळथाची पिठी आणि काटे काढलेले मुडदुशे. आजारी माणसाला तिकडं हाच मासा देतात, हलका आणि मऊ. आमच्यासाठी बांगडा, तिसऱ्या, सोलकढी. चुलीपाशी जायचं नव्हतं, भांडी घासायची नव्हती. मुलगी आजीपाशी बसली आणि माझी बायको भर दुपारी झोपली. चांगली दोन तास. मला वाटतं त्या सहलीसाठी एवढं कारणही पुरे होतं.

हॉटेलबाहेरच्या फलकावर पॅरासेलिंग, बनाना राइड, जेट स्की, स्कूबा अशी मोठी यादी होती. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करावं. स्कूबासाठी लोक लांबून मालवणला येतात आणि त्यावर गावातल्या पोरांचं घर चालतं. पण सुट्टीचा अर्थ काही घरांत एवढाच असतो की कुणी हाक मारू नये, पाण्याकडं बघत बसावं आणि वेळेवर जेवण मिळावं. अशा माणसासाठी त्या यादीत काही नव्हतं. पाण्यापर्यंत न्यायची सोय तर नव्हतीच.

सुरूच्या सावलीतून समुद्र दिसत होता. मध्ये कोरड्या वाळूचा पट्टा, पन्नासेक पावलांचा. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे करतो. आयुष्य वाळूत गेलं, त्यामुळं या पन्नास पावलांत काय अडचण आहे ते मी ठामपणे सांगू शकतो. नुसत्या कोरड्या वाळूचा साचा उभा राहत नाही, बोट लावलं की ढासळतो. तिच्यात बेंटोनाइट ही चिकट माती आणि तीन-चार टक्के पाणी गेलं की तीच वाळू मूठ वळल्यावर तशीच राहते. किनाऱ्यावर बेंटोनाइट नाही, पण पाण्याचं काम तसंच चालतं. लाटांनी भिजलेली वाळू कण धरून बसते, तिच्यावरून मोटारसायकलसुद्धा जाते. कोरडीत मात्र खुर्चीची पुढची लहान चाकं, जेमतेम इंचभर रुंद, टेकताक्षणी रुततात. जोर लावला तर खुर्ची पुढं झुकते आणि बसलेला माणूस तोंडावर येतो. खुर्ची उलटी फिरवायची, पुढची चाकं अधांतरी धरायची आणि मोठ्या चाकांवर मागं ओढत न्यायची, हा त्यातला जमण्यासारखा उपाय. ज्यांच्या घरी खुर्ची आहे त्यांनी ध्यानात ठेवावा. पण पन्नास पावलं तसं ओढायला दोन तगडी माणसं लागतात आणि बसलेल्याचं अंग हिसक्यांनी खिळखिळं होतं. आईला आम्ही दहा पावलं नेली, तिचा चेहरा बघितला आणि थांबलो.

वाट काढून दिली ती रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्या माणसांनी. सकाळी त्यांचं जाळं ओढणं आई लांबून बघत होती, तेव्हा त्यांतले एक आजोबा येऊन बोलत बसले. भरती-ओहोटीचा हिशेब त्यांनी आम्हाला सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला भरती, म्हणजे सहा तासांनी, चारच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागं. मुंबईइतकं पाणी इथं हटत नाही, तरी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास बऱ्यापैकी मागं सरतं आणि घट्ट ओली वाळू रुंद होते. ऊन उतरायची वेळही तीच. तेव्हा आजीला आणा, बाकीचं आम्ही बघतो, असं म्हणून ते गेले.

चारला ते फळ्या घेऊन आले. त्यांच्या चार आणि हॉटेलमालकांनी बांधकामाच्या सेंट्रिंगच्या काढून दिलेल्या सहा. अंथरायच्या, खुर्ची पुढं घ्यायची, मागच्या उचलून पुढं टाकायच्या. एक पोरगा आईच्या पुढ्यात उलटा चालत होता आणि "आजये, भिया नको, आमी आसंव," असं म्हणत होता. ओली वाळू लागल्यावर फळ्यांची गरजच उरली नाही. खुर्ची घरातल्या फरशीवर चालावी तशी चालली. पाण्यात आम्ही आईला दोन्ही बाजूंनी धरून उभी केली. लाट येऊन मागं फिरली तशी ती ओरडली, "आरं, पायाखालची वाळू निघून चाललीया, धर मला!" आणि हसायला लागली. तिला तसं हसताना बघून माझ्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. मग सून आणि सासू दोघीही पाण्यात उभ्या राहिल्या, अंधार पडेपर्यंत.

संपादक महाशय, आमच्यावर त्या दिवशी उपकार झाले आणि ते मी विसरणार नाही. पण पाण्यापर्यंत जाण्यासाठी माणसाला उपकारांची वाट बघावी लागू नये. त्या दहा फळ्यांनी जे केलं ते सरकारला, नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला आणि हॉटेलवाल्यांना कायमचं करता येण्यासारखं आहे.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अशी लाकडी वाट खुली झाली. २६३ मीटर लांब, ३ मीटर रुंद. पुढच्याच महिन्यात मंदौस चक्रीवादळात तिचं टोक मोडलं. तेव्हा ती बंद करून टाकली नाही, दुरुस्त केली. यातून आपल्यालाही शिकता येईल की कोकणात ही वाट पावसाळ्यापूर्वी उचलून ठेवता येईल अशी, सुट्या तुकड्यांची असावी. मृगात होड्या वर घेतात तशा फळ्याही वर घ्याव्यात आणि दसऱ्यानंतर पुन्हा अंथराव्यात. पाण्याजवळच्या शेवटच्या भागात गुंडाळता येणारी काथ्याची किंवा प्लास्टिकची जाड चटई चालेल. किनाऱ्यावर काही बांधायला परवानगी नसते, असं उत्तर मला तिथं एकानं दिलं. ते पूर्ण खरं नाही. २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत भरतीरेषेपासून १० मीटर सोडून पायवाटा, स्वच्छतागृहं, बसायच्या जागा अशा तात्पुरत्या पर्यटन सोयींना जागा ठेवली आहे. राहिलेल्या १० मीटरला रोज अंथरायची आणि रोज उचलायची चटई हा मार्ग आहे.

कायदाही याच बाजूनं आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांना वावरता यावं असं सांगतो, आणि त्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तीत लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतीही, म्हणजे हॉटेलंही येतात. स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणाऱ्या ब्लू फ्लॅग या आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या ३३ निकषांतही दिव्यांगांची सोय बघितली जाते. शेजारच्या कर्नाटकात कासरकोड आणि पडुबिद्री या किनाऱ्यांना २०२० मध्येच ते मानांकन मिळालं. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला आहे. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडची माणसं सुट्टी लागली की आधी तिकडंच निघतात. तिथं हे का होऊ नये?

किती लोकांना उपयोग होणार, असं विचारणारे असतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसं एक कोटीच्या वर होती आणि दिव्यांग साडेएकोणतीस लाखांच्या आसपास. आता आकडा वाढलेलाच असणार. पण मला यातला दुसरा हिशेब महत्त्वाचा वाटतो. खुर्चीवरचा एक माणूस जाऊ शकला नाही की त्याच्या मागं सून, लेक, मुलगा, नातवंडं असं सगळं घर अडकतं. आम्ही माणसं गर्दीच्या शनिवार-रविवारी येत नाही, आम्हाला आडवार चालतो. एका ठिकाणी चार दिवस राहतो, तिथंच जेवतो आणि सोय असेल तर पुन्हा तिथंच येतो. रिकाम्या खोल्या भरायच्या असतील तर हॉटेलवाल्यांनी आमच्याकडं बघावं.

त्यांच्याकडं माझं मागणं फार मोठं नाही. ओसरीला तीन पायऱ्या असतील, म्हणजे दीड फूट उंची, तर उताराची लांबी अठरा फूट लागते. एकास बारा हे त्याचं प्रमाण आहे. पुष्कळ ठिकाणी तीन-चार फुटांत संपवलेला उतार दिसतो. त्यावरून दुचाकी चढते, खुर्ची चढवताना मागचा माणूस घसरतो. न्हाणीघराचं दार तीन फुटी असावं, ते नसेल तर निदान तीस इंच. कमोडशेजारी भिंतीत धरायला घट्ट दांडा. भरती-ओहोटीच्या वेळा काउंटरवर रोज खडूनं लिहिलेल्या. आणि चार-पाच हॉटेलवाल्यांनी वर्गणी काढून फुगीर, जाड रबरी चाकांची वाळूवरची एक खुर्ची सामाईक घ्यावी. फळ्यांची वाट ग्रामपंचायतीनं करावी, पैसा जिल्हा नियोजनातून यावा.

आपल्या दैनिकामार्फत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या हॉटेल आणि न्याहारी-निवासवाल्यांना विनंती आहे. ज्यांच्याकडं अशी सोय आज आहे त्यांनी ती या सदरात कळवावी, आम्ही कात्रण जपून ठेवू. आणि यापुढं जाहिरात द्याल तेव्हा एसी, वायफायच्या ओळीतच न्हाणीघराच्या दाराची रुंदी इंचात लिहा.

आपला,
मोल्डिंग विभागातला एक कामगार,
शिरोली पुलाची, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर